साहेबांनी तोंड फुगवलं

मी कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा बोलतो आहे. कातड्याचा, पितळी बकलाचा. त्या कुत्र्याच्या अखेरीची कथा एका सुताराच्या घरी तीन रूपांत सांगितली जाते. सुतारांच्या रूपात दोष गांधीलमाशीचा, त्यांच्या बायकोच्या रूपात नशिबाचा. शेजारी तीत एक साप घालतात, कारण ऐकणाऱ्यांना साप आवडतो. माझे रूप चौथे. त्याला प्रामाण्य एवढेच, की त्या वेळी मी गळ्याशी होतो.

सुतारांच्या लेकीने मला दुकानातल्या खिळ्यावरून निवडले आणि ज्या पिल्लाला बांधले त्याचे नाव 'साहेब' ठेवले. साहेबांना कामधंदा नव्हता, रुबाब मात्र होता. दूध गार मिळाले की ते भिंतीकडे तोंड करून बसत. मग घरभर पुकारा होई, "साहेबांनी तोंड फुगवलं!" हा वाक्प्रचार माणसांनी माणसांच्या रुसव्यासाठी घडवलेला, कुत्र्याला लावण्यात थट्टा होती आणि मायाही. लेक नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हापासून तो रोजच्या वापरात आला. तोवर मी मऊ आणि काळा पडलो होतो.

त्या सकाळी साहेब फळ्यांच्या ढिगात हुंगत असताना गांधीलमाशी त्यांच्या ओठाला डसली. ते एकदाच केकाटले, पंजाने तोंड घासले आणि भिंतीकडे वळून बसले. हळूहळू मी घट्ट होऊ लागलो. मी आकसलो नव्हतो. गळा वाढत होता. कातड्याला वेदना नसते. मला फक्त ताण कळला.

"अहो, साहेबांनी भाकरीला तोंड लावलं नाही," बायको म्हणाली.

"फुगवलं असेल तोंड. बसू दे. लाडावून ठेवलंय तुझ्या लेकीनं."

"माझ्या एकटीची आहे वाटतं ती!"

सुतारांचा रंधा चालू राहिला. ढलप्या माझ्यावर पडत राहिल्या.

दुपारी लेकीचा फोन आला. बायको हसत म्हणाली, "तुझ्या साहेबांनी आज भलतंच तोंड फुगवलंय. डोळेसुद्धा दिसेनात."

"डोळे दिसत नाहीत? आई, मला दाखव बघू."

बायकोने फोन साहेबांसमोर धरला.

"अगं, फुगवलं नाहीये, सुजलंय ते! बाबांना सांग, उचला त्याला. आत्ताच्या आत्ता!"

रंधा थांबला. सुतार साहेबांना कवेत घेऊन रस्त्याने धावत सुटले. "रुसलायस ना रे? रुसलायसच तू," असे ते वाटभर पुटपुटत होते. साहेबांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. वळणानंतर शिट्टी बारीक झाली. दवाखान्याच्या पायरीवर ती मला ऐकू आली नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी मला सोडवले. बक्कल सुजेत रुतले होते. त्यांनी इंजेक्शन दिले, घशात नळी घातली, बराच वेळ छाती दाबली. मग हात बाजूला घेतले.

"गांधीलमाशी डसलीय. थोडं आधी आणायला हवं होतं."

"पण तो नेहमीच असा बसतो हो," सुतार म्हणाले.

डॉक्टरांनी मला पुसून सुतारांच्या हातात दिले. सुतारांनी मला खिशात घातले, साहेबांना उचलले आणि ते घराकडे चालू लागले.