एंजलची पिल्लं

नळीचं एक टोक माशांच्या टाकीत सोडून बाईंनी दुसरं तोंडात धरलं आणि ओढलं. पाणी ओठांशी येण्याआधी नळी बादलीत सोडायची, एवढंच काम. पण ते त्यांना अजून साधत नव्हतं. आजही तोंडभर पाणी आलं. बेसिनवर जाऊन त्यांनी चूळ भरली. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि म्हातारपणी हे नशिबी आलं!

टाकीच्या तळाशी बिस्किटांचा चुरा फुगून बसला होता. त्यात एंजल माशांची चार-पाच पिल्लं पांढरी पडून आडवी झाली होती.

घड्याळजींना, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, माशांना खाऊ घातलेलं आठवत नसे. सकाळी चिमूटभर खाद्य टाकलं की अर्ध्या तासाने पुन्हा डबा उघडायचे, मग पुन्हा. उरलेलं खाद्य कुजलं की पाणी नासतं आणि पिल्लं मरतात, हे कधीकाळी त्यांनीच सगळ्या गल्लीला शिकवलं होतं. म्हणून बाईंनी डबा लपवला, तर पठ्ठ्याने बिस्किटं चुरून टाकली. बाईंना आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना. घड्याळांचं दुकान, मुलगा, घराचा रस्ता, सगळं एकेक करून घड्याळजींच्या डोक्यातून निघून गेलं होतं. मासे तेवढे राहिले होते. हेही गेले तर उद्या ते कशासाठी उठतील, म्हणून बाईंनी नळी हातात घेतली होती.

एरवी या टाकीवर बाईंचा भारी राग. 'माझी सवत' म्हणायच्या तिला.

घाण निघाली तशी त्यांनी कालपासून भरून ठेवलेलं पाणी मगाने काचेवरून हळूहळू सोडायला सुरुवात केली. उरलेली पिल्लं जराशी डगमगली आणि सावरली. घड्याळजी केव्हाचे मागे येऊन उभे होते.

"हात हलका आहे हो तुमचा," ते म्हणाले.

बाईंचा मग तसाच थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बाईंना 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती.

"रोज याल का?"

"येईन की."

"पण दुपारच्या आत या. आमच्या मंडळींना हे मासे पाळणं आवडत नाही. ती शाळेतून आली की..." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "वाईट नाही हो, फार गुणाची आहे. फक्त एकदा शेजारी बसून बघायला हवं होतं तिनं. अंडी घातली की नर-मादी आळीपाळीने परांनी वारा घालतात त्यांना. मी हाका मारायचो. तिला कधी सवडच झाली नाही."

अहो, मीच ती, असं बाई सांगणारच होत्या. पण सांगितलं तर ते ओशाळणार, आणि अर्ध्या तासात तेही विसरणार. त्यांनी ओले हात टॉवेलला पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या.

"त्या दोन मोठ्या माशांतला नर कोणता?" त्यांनी विचारलं.

घड्याळजींचा चेहरा खुलला. घाईघाईने त्यांनी खुर्ची ओढली, बाहीने झटकली आणि पुढे केली.

"बसा ना. वेळ आहे ना तुम्हाला?"

"आहे," बाई म्हणाल्या आणि बसल्या.