खालच्या गव्हाणीची हाक

लाइलने गाईचं डोकं गुडघ्याखाली दाबून धरलं आणि गुरांच्या डॉक्टर टिलीने मानेच्या शिरेत सुई सरकवली. गाईचे पाय वाळूत वल्ह्यासारखे हलत होते, बुबुळं वर गेली होती. परवाच ती व्यायली होती. सकाळी अडखळत चालली आणि कोसळली.

"हे हळूहळू सोडावं लागतं," टिली म्हणाली. "घाई केली तर हिचं काळीज थांबेल. तू बोलत राहा हिच्याशी."

लाइल गाईच्या कानाशी कुजबुजला.

"घसा बसलाय का तुझा?" टिलीने विचारलं.

"नाही."

कुंपणाशी उभ्या असलेल्या वर्नाने मान फिरवली.

हळूहळू पाय थांबले. गाय धडपडत उठली, शेपटी झटकली आणि काही झालंच नाही अशा तोऱ्यात वासराकडे निघून गेली.

"मॅग्नेशियम," सुई पुसत टिली म्हणाली. "कोवळ्या गवतात ते फार कमी असतं, आणि असेल तेवढं दूध ओढून नेतं. तुमची ती दोन वासरं उभी न राहताच गेली ना, त्यांना सेलेनियम कमी पडलं. आईच्या पोटातच. वर्ना, खनिजाचं मिश्रण घालतेस की नाही?"

"गव्हाण भरलेली आहे."

तिघं टेकडी ओलांडून पलीकडच्या उतारावर गेली. गव्हाण खरंच भरलेली होती. वर दगडासारखी खपली धरलेली, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. भोवतीच्या वाळूत खुराचा एक ठसा नव्हता.

"भरलेली आहे खरी," टिली म्हणाली. "माझ्या सासूच्या केकसारखी. कुणी शिवलेलंच नाही."

गव्हाणीची ही जागा ऑरिनने ठरवलेली. वर्नाचा नवरा, लाइलचा थोरला भाऊ. पाण्यापासून मुद्दाम लांब ठेवलेली, म्हणजे कळप इकडचंही गवत खाईल. संध्याकाळी तो इथे उभा राहून एक लांब हाक द्यायचा आणि सगळा कळप टेकडीवरून उतरायचा. गेल्या पानगळीत तो गेला. कळप अजूनही संध्याकाळी टेकडीच्या माथ्यावर जमतो, इकडे तोंड करून अंधार पडेपर्यंत उभा राहतो. वर्नाने हाका मारून पाहिल्या, गाडीचा हॉर्न वाजवून पाहिला. गाईंनी माना वर केल्या, पुन्हा खाली घातल्या. मग तिने स्वयंपाकघराच्या टेकडीकडच्या खिडकीला पडदा लावला.

"गव्हाण पाण्याच्या टाकीजवळ न्या," टिली म्हणाली.

"उद्या नेतो," लाइल पुटपुटला.

"न्या. पण सवय लागेपर्यंत आठवडा जाईल, आणि निम्म्या अजून व्यायच्यात. आज खायला लागल्या तर ठीक. नाहीतर मला रोज बोलवाल, आणि रोज काही मी वेळेवर पोचणार नाही."

ती गेल्यावर लाइलने फावड्याने खपली फोडली. वर्नाने नवं पोतं ओतलं.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी लाइलने गोठ्यातून कुत्र्याला हाक मारली होती. वर्ना पिठाच्या हातांनी, अनवाणी, पहिल्या बर्फातून धावत आली होती. दारात लाइल दिसल्यावर ती एवढंच म्हणाली, "अच्छा." दोघा भावांचा आवाज एकच. फोनवर त्यांची आईसुद्धा फसायची. तेव्हापासून लाइल या आवारात कुजबुजत बोलतो. कुणी सांगितलेलं नाही.

ऊन उतरलं. माथ्यावर एकेक गाय येऊन उभी राहू लागली.

"लाइल."

"हं, वहिनी."

"हाक मार."

तो फावड्याच्या दांड्याकडे पाहत राहिला. "तुम्ही आधी घरी जा. दार लावून घ्या. रेडिओ मोठा करा."

"रेडिओ तुझ्या भावाच्या वळणावर गेलाय. त्याच्या मर्जीने बोलतो." तिने हात एप्रनला पुसले. "मी इथेच थांबते."

ती त्याच्याकडे पाठ करून, टेकडीकडे तोंड करून उभी राहिली.

हाक उठली. लांब, शेवटाला जराशी मोडणारी. माथ्यावरच्या माना ताठ झाल्या आणि कळप सुटला. कासा हेलकावत, मागे वासरं दुडदुडत, वाळू उडवत गाई वर्नाच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या. तिच्या मागे खरखरीत जिभा गव्हाण चाटू लागल्या.

"आल्या सगळ्या, वहिनी," लाइल पुन्हा कुजबुजला.

"एक मागे राहिली आहे," ती पाठमोरीच म्हणाली. "पुन्हा मार."

लाइलने टेकडीकडे पाहिलं. माथा मोकळा होता, वाऱ्याने गवत तेवढं हलत होतं.

त्याने छाती भरून श्वास घेतला.