कागदाची मागची बाजू

विद्यापीठाच्या कलाशिक्षण विभागात अंतिम पाठ कधीच पहिल्यांदा होत नसे. परीक्षेआधी तो त्याच वर्गावर, त्याच मुलांपुढे दोन-तीनदा होऊन गेलेला असे. छात्राध्यापिका कुठला प्रश्न विचारणार आणि उत्तर कोण देणार, हे सारं ठरलेलं. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. परीक्षकाला सगळा वर्ग हात वर करून बसलेला दिसतो आणि शिकवणारीला नेमकं कुणाला उठवायचं ते कळतं. ही रीत कुणी पाडली ते कुणाला ठाऊक नव्हतं. ती मोडावी असंही कुणाला वाटलं नव्हतं.

प्रा. वर्षाली भोयर यांनी ती यंदा मोडली.

विभागप्रमुख सदाशिवराव काकडे यांनी त्यांना बोलावून समजावलं होतं. आवाज न चढवता बोलणारा माणूस. म्हणाले, "भोयर मॅडम, लग्नाआधी हळद लावतातच. तुम्ही तर पोरींना थेट मांडवात उभं करून राहिल्या."

"हळद लावतात सर. लग्न लावून पाहत नाहीत."

सदाशिवराव हसले, पण पुढे म्हणाले की निकाल घसरला तर उत्तर तुम्हीच द्यायचं.

हे सगळं गुंजन उईकेमुळे झालं होतं. मागच्या वर्षी गुंजनचा स्मरणचित्राचा पाठ होता. आधी पाहिलेलं आठवून काढायचं, ते स्मरणचित्र. "काल आपण कुठं गेलो होतो?" हा प्रश्न तिच्या तोंडून पुरता निघायच्या आतच अख्खा वर्ग "बैलबाजार" म्हणून ओरडला. परीक्षकानं पेनाला टोपण लावलं. पढवलेला पाठ म्हणून गुंजन नापास झाली. त्या दिवशीचे बाकीचे पाठही तितकेच पढवलेले होते, फक्त त्यांच्या मुलांनी दम धरला होता.

गुंजन बोर अभयारण्याकडच्या एका वस्तीतली. वडील पुनाजी वनखात्यात मजूर. तिच्या घराजवळच्या आश्रमशाळेत चित्रकला शिक्षकाची जागा निघाली होती आणि संस्थेनं शब्द दिला होता, पण निकाल हातात पाहिजे, तोही शाळा उघडायच्या आत. अंतिम पाठाची ही तिची शेवटची संधी. ही गेली तर अख्खा अभ्यासक्रम पुन्हा, आणि ती जागा काही तोवर थांबणार नव्हती.

पाठ नालवाडीतल्या एका शाळेत होता, सहावी अ वर. अंतर्गत परीक्षक म्हणून वर्षाली मागच्या बाकावर बसल्या, शेजारी बाहेरून आलेले बहिःस्थ परीक्षक प्रा. गोपाल निस्ताने. निस्ताने अमरावतीकडचे. ते बरं म्हणत नाहीत आणि वाईटही म्हणत नाहीत, नुसतं घड्याळ पाहतात, अशी त्यांची ख्याती. वर्गशिक्षिका भावनाबाई ढगे दाराशी उभ्या होत्या.

गुंजननं सुरुवात चांगली केली. शाळेत येताना कोण कुठून येतं, चालत येतं की सायकलनं, असं विचारत विचारत ती विषयावर आली. आज शाळेत येताना वाटेत जे दिसलं त्यातलं एक आठवून काढायचं. फळ्यावर तिनं काही काढून दाखवलं नाही. ते वर्षालींनीच बजावलं होतं. फळ्यावर चित्र आलं की चाळीस कागदांवर तेच उतरतं.

चित्रकागद वाटून झाले आणि पेन्सिली चालू लागल्या.

तिथेच वर्षालींना खटकलं. आठवायला वेळ लागतो. मुलं आढ्याकडे बघतात, पेन्सिल चावतात, शेजाऱ्याच्या कागदात डोकावतात. इथं कुणी थांबलंच नाही. सगळ्या पेन्सिली एकदम, एका चालीत सरकत होत्या. त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलीच्या खांद्यावरून पाहिलं. दोन तिकोनी डोंगर, मधून उगवता सूर्य. पलीकडच्या मुलाच्या कागदावरही दोन डोंगर, मधून सूर्य. त्याच्या पलीकडे डोंगरातून निघालेली नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड. नालवाडीत ना डोंगर, ना नारळ.

वर्षालींनी दाराकडे पाहिलं. भावनाबाईंनी हलकेच हसून मान डोलावली. काळजी करू नका, असा तो चेहरा होता.

वर्षालींना सगळं उमगलं. आपण वर्ग पढवायचा नाही म्हटलं म्हणून शाळेनं तो आपणहून पढवला होता.

निस्ताने उठले. रांगांमधून सावकाश फिरले, दोन-चार कागद उचलून पाहिले, आणि परत येऊन बसताना हळूच म्हणाले, "वर्गावर पकड आहे मुलीची." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

गुंजन रांगेच्या टोकाशी उभी होती. तिनंही पाहिलं होतं. तिचा चेहरा मागच्या वर्षी उतरला होता तसाच उतरला, आणि तिनं सगळ्या वर्गावरून नजर उचलून थेट वर्षालींकडे पाहिलं. चालू द्यायचं की थांबवायचं?

परीक्षक खूश होते. वेळ संपत आला की चाळीस नीटनेटकी चित्रं जमा होणार होती. जून महिना, आश्रमशाळा, पुनाजी, सगळं वर्षालींच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी अगदी थोडी मान हलवली. चालू दे.

गुंजननं ते पाहिलं. मग जवळच्या मुलीच्या बाकापाशी गेली.

"काजल, तू कुठून येते?"

"पाण्याच्या टाकीकडून."

"मग तुले डोंगर कुठं लागला?"

"नाई लागत मॅडम."

"मग काऊन काढला?"

काजलनं दाराकडे पाहिलं. मागून लखन नावाचा मुलगा समजुतीनं म्हणाला, "मॅडम, काल बाईनं शिकवला ना आमाले."

निस्तानेंचं पेन थांबलं.

"कागद पलटवा," गुंजन म्हणाली. "मले नालवाडी धड माहीत नाई. मी काही इथली नाई. तुमच्या वाटेत काय दिसते ते मले तुम्हीच दाखवा."

कागद पलटले, पण वर्ग गोंधळला. बाईंनी सांगितलेलं खरं की मॅडमनी सांगितलेलं, हे मुलांना कळेना. काजल रडायच्या बेताला आली. थोड्यांनी काढायला घेतलं. लखननं विजेच्या डीपीखाली बसलेलं कुत्रं काढलं, त्यातलं कुत्रं होऊन डीपी अर्धी राहिली. घंटा झाली तेव्हा निम्म्याहून जास्त कागद मागच्या बाजूनं कोरे होते.

मुख्याध्यापकांच्या खोलीत कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला गेला. परीक्षेच्या देखरेखीसाठी शाळेतच असलेले सदाशिवराव आले. भावनाबाईही आल्या आणि बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत. मागच्या वर्षी हीच पोरगी याच शाळेतून रडत गेलती, त्या म्हणाल्या, आणि यंदा मॅडमनी तालीमही बंद केली. मग पोरीचं भलं व्हावं म्हणून मीच वर्ग तयार करून ठेवला. यात माझं काय चुकलं ते कोणी मला सांगा.

निस्तानेंनी आपली अडचण सरळ मांडली. पाठाची सुरुवात चांगली होती, वर्ग ताब्यात होता. पण मुलांच्या कामाला गुण द्यायचे असतात, आणि मागच्या बाजूला काम नाही. "पुढच्या बाजूवर मी पास केलं असतं. मागच्या बाजूवर करता येत नाही."

सदाशिवरावांनी गठ्ठा ओढून घेतला, सगळ्या कागदांचे डोंगर वर केले आणि कडा ठोकून गठ्ठा नीट लावला.

"कागदाला दोन बाजू असतात सर," ते म्हणाले. "वर कोणती ठेवायची ते आपल्या हाती आहे. पोरगी गरिबाची आहे. भोयर मॅडमची सही झाली की विषय संपला."

निस्ताने हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं.

वर्षालींनी पेन हातात घेतलं. वर्गात मान हलवणं सोपं गेलं होतं, इथंही सोपंच होतं. पण ज्या मुलीसाठी सही करायची तिनंच ती बाजू नाकारली होती. त्या उठून व्हरांड्यात गेल्या.

गुंजन खांबाला टेकून उभी होती. वर्षालींनी काही लपवलं नाही. पुढच्या बाजूवर तू पास होतेस, मागच्या बाजूवर नाही, एवढंच सांगितलं.

गुंजन खांबापासून बाजूला झाली. "मॅडम, तुम्ही मान हलवली ते मी पाह्यलं होतं."

"माहीत आहे मला."

"मले वाटलं, होऊ द्यावं. पण वर्षभर तुमीच आमाले सांगतलं का पोरगं नक्कल करत असलं तर त्याच्या बाकापाशी जाऊन विचारजो, रागावजो नोको. मी तेवढंच केलं." मग ती थांबून म्हणाली, "मी पलटवा म्हटलं, पोरायनं पलटवलं. आता आपण मागं पलटवू?"

वर्षाली आत आल्या. उभ्यानंच म्हणाल्या, "सर, मी सही करत नाही. वर्ग पढवलेला होता आणि त्यात छात्राध्यापिकेचा हात नव्हता. हा पाठ रद्द धरा. ब तुकडीवर तिचा दुसरा पाठ आत्ता घ्या, विषय तुम्ही द्या."

सदाशिवरावांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, हातचं सोडून पळत्यापाठी लागता तुम्ही."

निस्तानेंनी एकच गोष्ट विचारली. दुसऱ्या पाठात जे गुण पडतील ते अखेरचे. ते कमी पडले तर तक्रार नाही, फेरविचार नाही. मुलीला हे मान्य आहे का? गुंजन दारात आली होती. तिनं मान्य आहे म्हटलं.

विषय निस्तानेंनी जागेवरच दिला. सकाळी घरात सगळ्यात आधी कोण उठलं आणि ते काय करत होतं.

या वेळी वर्षाली वर्गात गेल्या नाहीत. आपण समोर असलो की ती आपल्याकडे बघणार आणि आपली मान पुन्हा हलणार, याचा त्यांना भरवसा नव्हता. व्हरांड्यात खिडकीच्या बाजूला त्या उभ्या राहिल्या. सदाशिवराव येरझाऱ्या घालत होते.

आत शांतता होती, आणि ती लांबत चालली. गुंजननं एक प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही. दुसरा विचारला, तोही तसाच गेला. कुठेतरी बाक करकरला. निस्ताने घड्याळ पाहत असणार, हे वर्षालींना न बघता कळत होतं. सदाशिवराव त्यांच्याजवळ येऊन थांबले.

मग एक बारीक आवाज आला. "मॅडम, आमच्या घरी बकरी उठते पयले."

वर्ग हसला.

"मग बकरीच काढ," गुंजनचा आवाज आला. "पण मले सांग, उठताना ते पुढचे पाय आधी टेकते का मागचे?"

"पुढचे," कोणीतरी म्हणालं. "मागचे बे, तुले काय माहीत, तुमच्याकडे कुठं बकरी हाय?" दुसरं कोणी म्हणालं. वाद लागला. एक मुलगा जमिनीवर ओणवा होऊन दाखवू लागला असावा, कारण बाक सरकले आणि पुन्हा हशा पिकला. तेवढ्यात कोणाची तरी आजी, कोणाचे दूध घालायला जाणारे काका, असं एकेक पुढे आलं. मग आवाज विरले. पेन्सिली लागल्या, पण एका चालीत नाही. कुठे खरवडल्या, कुठे थांबल्या, कुठे रबर घासलं गेलं. घंटा झाली तरी कागद लवकर हातून सुटेनात.

निस्ताने बाहेर आले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्यांनी चुका एकेक सांगितल्या. प्रस्तावना फार लांबली. फलकलेखन नाहीच. गृहपाठ द्यायचा राहिला. मधे वर्गाचा बाजार झाला.

"आणि चित्रं?" वर्षालींनी विचारलं.

"कच्ची आहेत. पण एकासारखं दुसरं नाही." त्यांनी गुणपत्रक खिडकीच्या चौकटीवर धरून आकडा लिहिला आणि पुढे केलं. पास व्हायला लागतात त्याहून जेमतेम वर. श्रेणी नाही, शेरा नाही.

वर्षालींनी सही केली. आत गुंजन अजून कागद गोळा करत होती. तिला सांगायला त्या दाराकडे वळल्या, तोच भावनाबाईंनी त्यांचा हात धरला.

"मॅडम," त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "पुढचा पाठ चंदनचा हाय ना? त्याच्या वर्गाले पण मीच तयार करून ठेवलं... आणि त्याच्यामागच्या पोरींच्या वर्गायले पण."

व्हरांड्याच्या टोकाला चंदन तक्त्यांची गुंडाळी काखेत घेऊन, केस नीट बसवून, हसतमुख उभा होता. निस्ताने त्याच्या वर्गाकडे निघाले होते.

"सर, थांबा," वर्षाली म्हणाल्या. "सगळेच वर्ग बदलावे लागतील."