तिसरी ओळ

प्रजिताला इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत पाचशेपैकी साडेतीनशे गुण हवे होते. पहिल्या खेपेला तीनशे तीस मिळाले, दुसऱ्या खेपेला तीनशे चाळीस. इंग्रजीचे बाकीचे पेपर केव्हाच सुटले होते. आयर्लंडमधल्या रुग्णालयाने फेब्रुवारीअखेरपर्यंत तिची जागा धरून ठेवली होती आणि तोवर एकच खेप उरली होती. अतिदक्षता विभागात बारा वर्षं काढलेल्या बाईला रुग्णाशी नीट बोलता येत नाही, असं कुणी दोनदा कळवलं की ते लागतंच.

केरळातल्या इरिंजालकुड्यात एका कापडाच्या दुकानावरच्या माडीवर अंबुजम टीचरांचा वर्ग भरायचा. सगळे नर्सच. शनिवारी टीचर पुस्तकं बाजूला ठेवायला लावायच्या आणि अक्षरश्लोक खेळायला बसवायच्या, पण इंग्रजीतून. देवळाच्या आवारात म्हातारे खेळतात तोच खेळ. एकाने चार ओळींचा श्लोक म्हणायचा, त्याच्या तिसऱ्या ओळीचं पहिलं अक्षर धरून पुढच्याने आपला सुरू करायचा. अडला की बाद. या खेळासाठी टीचरांनी सोप्या इंग्रजीत साठ कविता स्वतः रचल्या होत्या आणि त्या वहीच्या प्रती सगळ्यांना दिल्या होत्या. वॉर्डातल्या खिडकीवर, गार झालेल्या चहावर, पायाला येणाऱ्या मुंग्यांवर.

प्रजिताने अकरा दिवसांत साठही पाठ केल्या. नुसत्या पाठ नाही, औषधांच्या ट्रॉलीत कप्पे लावावेत तशा अक्षरवार लावल्या. समोरच्याने पहिला शब्द उच्चारला की कविता कुठली ते तिला कळे, म्हणजे तिसऱ्या ओळीचं अक्षरही कळे. मग ऐकायचं काय उरलं? समोरचा संपेपर्यंत ती आपली कविता जिभेवर घेऊन बसलेली असे. सलग तीन शनिवार तीच जिंकली.

"चेची, तुम्ही आयर्लंडला जाऊ नका," जोमोन म्हणाला. वर्गात तो सगळ्यांत लहान, प्रजिताला चेची, म्हणजे ताई, म्हणणारा. "तुम्हाला देवळात बसवू. म्हातारे आपोआप घरी जातील."

सगळे हसले. टीचर हसल्या नाहीत.

चौथ्या शनिवारी त्या स्वतः प्रजितासमोर बसल्या. त्यांनी खिडकीची कविता घेतली, सावकाश, चारही ओळी. त्यांचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच प्रजिताने पाण्याची कविता म्हणून टाकली. खणखणीत, कुठेही न चुकता.

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"काय झालं?" प्रजिताने विचारलं.

"मी तिसरी ओळ काय म्हटली?"

"तीच की. कुठून तरी झाडूचा आवाज येतोय."

"ती वहीत आहे. मी म्हटलं, बहीण आज आली नाही."

प्रजिताचे कान तापले. "ही फसवणूक झाली, टीचर. वहीत नाही ते कसं म्हणायचं?"

"मोळे," लेकीला हाक मारावी तशा टीचर म्हणाल्या, "रुग्णाला आपण वही देतो का?"

घरी तिचे सासरे, गोविंदनकुट्टी, पेज पीत बसले होते. त्यांना ती अच्छन, म्हणजे बाबा, म्हणायची. चाळीस वर्षं ते देवळात अक्षरश्लोक खेळत आलेले. ते आपलीच बाजू घेतील, याची तिला खात्री होती.

"अच्छन, तुम्हीच सांगा. चालतं का असं?"

"अजिबात नाही. माझ्याशी कुणी असं केलं असतं, तर मी उठून गेलो असतो." त्यांनी वाटी खाली ठेवली. "पण त्याआधी मला कळलं असतं."

प्रजिता त्यांच्यासमोर खाली बसली.

"पहिल्या दोन ओळींत मी काही ठरवतच नाही. त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. तिसरीचं अक्षर पडलं, की चौथी ओळ माझी. तेवढी पुरते."

"आणि नाही पुरली तर?"

"तर थोडा थांबतो. लोकांना वाटतं, म्हातारा विचार करतोय. वाटू द्यावं."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोचीला परीक्षा झाली. समोर रुग्ण बनून बसलेले एक गृहस्थ होते. प्रजिताच्या कार्डावर लिहिलं होतं: मधुमेह, टाचेला जखम, घरी ड्रेसिंग कसं करायचं ते समजावून सांगा. तिची अकरा वाक्यं तयार होती. बारा वर्षांत हजारदा सांगून झालेली.

दुखणं आता कमी आहे, गृहस्थ म्हणाले. घरी कधी सोडणार, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "घरी काय, मी आणि मांजर, दोघंच."

'आधी हात स्वच्छ धुवा' हे वाक्य प्रजिताच्या ओठांवर आलेलं होतं. तिने ते तिथेच धरलं. नाडी मोजताना मोजते तसे तीन सेकंद मोजले.

"तुम्हाला तुमची टाच दिसते का?" तिने विचारलं.

गृहस्थांनी आपल्या कार्डाकडे पाहिलं. मग कार्ड खाली ठेवलं. "नाही. गुडघा वाकत नाही."

"मग ड्रेसिंगचं नंतर बोलू. शेजारी कोण राहतं?"

वेळ संपली तेव्हा अकरापैकी चारच वाक्यं बोलून झाली होती. आपण पुन्हा नापास, असं धरून ती बसने घरी आली.

सतरा दिवसांनी निकाल लागला. तीनशे साठ. पायरीवर बसूनच तिने टीचरांना फोन लावला.

"बरं झालं," टीचर म्हणाल्या. आणि पुढे काही न बोलता त्यांनी एक कविता सुरू केली. वहीत नसलेली. नारळाच्या झाडावर अडकलेल्या कुणाच्या तरी ओढणीची. प्रजिता ऐकत राहिली. तिसरी ओळ क्यू अक्षराने सुरू झाली.

"टीचर, या अक्षराची एकही कविता वहीत नाही."

"माहीत आहे. विमानाला अजून पाच आठवडे आहेत ना? कर एक."