पिपाणीचं मौन

गळा जपण्याच्या बाबतीत पिपाणीचा हात धरणारं कुणी नव्हतं. भर उन्हाळ्यात तिच्या मानेभोवती सुती रुमाल असायचा. छत्री एक वेळ घरी राहील, पण कोमट पाण्याचा थर्मास पर्समध्ये असायचाच. कुणी थंड पेयाची बाटली पुढे केली की ती दोन पावलं मागे सरायची. सकाळ-संध्याकाळ वाफ, वेळेवर झोप, तिखटाला कायमची रजा, आणि खाकरावंसं वाटलं की खाकरायच्या ऐवजी एक घोट पाणी. गायकवृंदातल्या बायका चिडवायच्या, "अगं, हसताना तरी थर्मासला विचारून हसतेस का?" त्यावर ती हसायची, पण तेही बेताबेताने.

आणि एवढं करूनही सोमवारी सकाळी रियाजाला बसली, तर तिचा वरचा सूर फाटला.

पुन्हा लावला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा लावायची तिची छातीच झाली नाही. नाट्यगृहाच्या गायकवृंदात ती चार वर्षं हंगामी म्हणून गात होती. यंदा कायमची एक जागा निघाली होती, एकच, आणि तिची चाचणी शनिवारी अकरा वाजता होती. वयाची अट पस्तीस. पिपाणीला पस्तीस पुढच्याच महिन्यात पूर्ण होत होती. म्हणजे शनिवारी गळ्याने दगा दिला की चार वर्षांचं गाणं मुकाट्याने गुंडाळून ठेवायचं. ती तशीच उठली आणि घशाच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी घशात बारीक कॅमेरा घालून पडद्यावर तिला तिचेच स्वरतंतू दाखवले. दोन्हींच्या कडा सुजून लाल झाल्या होत्या.

"गाता किती?" त्यांनी विचारलं.

"रोज दोन तास. पण नीट, गळा तापवून. वाफ घेते, थंड पीत नाही..."

"गाण्याने हे झालेलं नाही. घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बाबा."

"बाबांना ऐकू येतं?"

आता गंमत अशी की हा प्रश्न पिपाणीच्या घरात आजवर कुणी विचारलाच नव्हता. बाबा छापखान्यात चाळीस वर्षं मशीनवर उभे होते. तिथल्या धडधडाटात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून कामगार हातांच्या खुणांनी बोलायचे. शाई कमी, कागद संपला, छपाई स्वच्छ, मशीन बंद. बाबा निवृत्त झाले, पण कान काही तिथून परत आले नाहीत. घरात मात्र बाबांना कमी ऐकू येतं असं म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या मते त्यांचे कान ठणठणीत होते, जग तेवढं तोंडातल्या तोंडात बोलायला लागलं होतं.

"येतं ना," पिपाणी म्हणाली. "जरा मोठ्याने बोलावं लागतं. स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत."

"कसं ते दाखवा बरं."

तिने "बाबा, चहा!" म्हणण्यासाठी छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि तिच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या बघून डॉक्टरांनीच हात वर केला. "पुरे! कळलं. किती दिवस असं चाललंय?"

तिने मनात हिशेब केला. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. आई असताना हे ओरडणं नव्हतं. का नव्हतं, ते मात्र तिला आठवेना.

"गाणं दोन तास आणि ओरडणं दिवसभर," डॉक्टर म्हणाले. "आता शुक्रवार संध्याकाळपर्यंत संपूर्ण मौन. रियाज नाही, फोन नाही. कुजबुजायचंही नाही. कुजबुजताना गळा उलट जास्त आवळला जातो. शनिवारी आवाज लागेल का, ते मी आज सांगू शकत नाही."

त्यांनी हे कागदावर लिहूनही दिलं. ते अक्षर त्यांना स्वतःला तरी परत वाचता आलं असतं की नाही, कोण जाणे.

घरी येताना पिपाणी एकाच विचाराने हैराण झाली होती. बाबांना काय सांगायचं? गळा सुजला म्हटलं की कशाने सुजला हे आलंच. तुमच्यावर ओरडून ओरडून सुजला, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने स्वतःशी ठरवून टाकलं, सांगायचंच नाही. चार दिवस नुसते ओठ हलवायचे. नाहीतरी बाबा अर्धंअधिक अंदाजानेच ऐकतात.

मंगळवारी ही युक्ती झकास चालली. तिने दारात उभं राहून ओठ हलवले, बाबा "हो, आलो" म्हणत चहाला आले. दुपारी ओठ हलवले, बाबा ताटावर येऊन बसले. तिला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. बाबा घड्याळाकडे बघून उत्तरं देत होते, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिचं सगळं लक्ष गळ्यात होतं. आवंढा गिळला की कुठे टोचतंय, थुंकी घट्ट झाली का, वाफ चार वेळा घ्यावी की पाच. आत काही बरं होतंय की नाही, हे आवाज लावल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि आवाज तर लावायचा नव्हता. ही टांगणी फार वाईट असते.

बुधवारी तिने ओठांनी विचारलं, "गोळी घेतली का?"

"हो हो, जेवतो की," बाबा म्हणाले आणि उगाच मोठ्याने हसले.

त्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या बाकावर पेपर वाचायलाही गेले नाहीत. ती समोर आली की ते तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे, आणि ती बघायला लागली की नजर वळवायचे. तिला वाटलं, बाबा आपल्यावर रागावले. रागावू देत, शनिवारनंतर समजूत काढू. मनातून तिला थोडा त्यांचाच राग येत होता, हेही खरं.

गुरुवारी सकाळी ती वाफ घेत बसली होती, डोक्यावर टॉवेल. गॅलरीतून टिंग टिंग असा आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा. तिने टॉवेल बाजूला केला आणि दारापर्यंत गेली. बाबा तिच्याकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या एका हातात पेला होता, दुसऱ्यात चमचा. उजव्या कानाशी पेला धरून ते चमच्याने वाजवत होते, मग डाव्या कानाशी. मांडीवर रेडिओ. तो सुरू केला, बातम्या सांगणाऱ्याचा खर्जातला आवाज घरभर घुमला, आणि बंद केला.

कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं मनातलं बोलणं मनात राहत नाही. बाबा स्वतःशी पुटपुटले, ते पिपाणीला लख्ख ऐकू आलं.

"हे येतंय. रेडिओ येतोय. मग तिचाच का नाही?" त्यांनी रेडिओ बाजूला ठेवला. "छापखान्यात कान तपासायला आलेला तो डॉक्टर म्हणाला होता. बारीक आवाज आधी जातील म्हणाला होता. गेली. माझी पिपाणी गेली."

लहानपणी ती कर्कश रडायची म्हणून हे नाव बाबांनीच ठेवलेलं. छापखान्यातून थकून आले की म्हणायचे, "दिवसभर मशीन ऐकलंय, आता जरा पिपाणी वाजू दे." आणि तीन दिवस हा माणूस एकट्याने, कुणाला न सांगता, तिचा आवाज कायमचा गेला म्हणून बसला होता. ती आपल्या थुंकीची काळजी करत होती.

ती धावत जाऊन वही घेऊन आली. लिहिलं, "बाबा, तुमच्या कानांना काही झालेलं नाही. मी बोलतच नाहीये. डॉक्टरांनी मौन सांगितलंय."

बाबांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग वही मिटून तिच्या हातात दिली.

"शहाणी आहेस," ते म्हणाले. "तुझी आईही असंच करायची. मला ऐकू नाही आलं की रेडिओची बॅटरी गेली म्हणायची."

तिने जोरजोरात मान हलवली. डॉक्टरांचा कागद आणून दाखवला. बाबांनी तो सरळ धरून बघितला, उलटा धरून बघितला.

"यात काहीही लिहिलेलं असू शकतं. मला सांग, परवा तुझी चाचणी आहे ना? चार वर्षांत तू एक सकाळ रियाज चुकवलेला नाहीस. तापात गायलीस. आई गेली त्या आठवड्यात गायलीस. आणि आता चाचणी तोंडावर असताना गप्प बसशील? वरचे सूर मला कधीचेच येत नव्हते. पण खालचे यायचे गं. सकाळी खालचे पाच-सहा सूर यायचे, तेवढ्यावर माझं भागायचं. मंगळवारपासून तेही नाहीत." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे. तू गात राहा. मला बघायला चालेल."

आता यावर काय लिहायचं? तिने वही खाली ठेवली. एकच इलाज होता आणि तो तिच्या सुजलेल्या गळ्यात होता. अजून पुरता दीड दिवस बाकी होता. आत्ता आवाज लावला आणि भरत आलेली कड पुन्हा उसवली, तर शनिवारी कुणासमोर काय गाणार होती? आणि लावला आणि लागलाच नाही, नुसती हवा निघाली, तर? मग बाबांची खात्रीच पटेल. दोन दिवस थांबावं, शनिवारी सगळं उलगडेलच, असंही तिला वाटून गेलं. तिने बाबांकडे बघितलं. ते चमचा पेल्यात ठेवत होते, आवाज होऊ नये एवढ्या हळू.

ती त्यांच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली. खांद्यावर हात ठेवला. आणि तिला एकदम आठवलं, आई का ओरडत नसे ते. आई प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून उठायची, चालत जायची, असा खांद्यावर हात ठेवायची आणि मग कानाशी साध्या आवाजात बोलायची. दिवसातून पन्नास वेळा. घरात कुणाच्या ते कधी नजरेत आलंच नाही.

पिपाणीने बाबांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं, श्वास घेतला आणि ओठ मिटूनच तिचा सगळ्यात खालचा सूर लावला. पहिल्यांदा नुसती खरखर आली. मग खरखरीच्या खालून सूर वर आला, बारीक, पण सरळ.

बाबांची मान ताठ झाली. त्यांनी डोळे मिटले.

"मी गप्प होते, बाबा," ती म्हणाली.

एवढं ऐकलं मात्र, बाबांनी डोळे उघडून आडवा हात तिच्या तोंडासमोरून सर्रकन फिरवला. छापखान्यातली खूण. मशीन बंद!

"गप्प! एक अक्षर नाही!" ते स्वतःच ओरडले. "परवा चाचणी आहे आणि बोलतेस काय? अक्कल आहे का?" आणि मग ते लहान मुलासारखे रडले. तीही रडली, पण हुंदका न देता. हुंदक्यानेही गळा ताणला जातो, एवढं भान तिला त्यातही होतं.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "पण सुजला कशाने?"

तिने वही उघडली. एक शब्द लिहून खोडला. मग लिहिलं, "ओरडून."

कोणावर, हे त्यांनी विचारलं नाही. ते उठले. गॅलरीतली आपली खुर्ची ओढत ओढत त्यांनी आत आणली आणि स्वयंपाकघरात, ओट्यापासून हातभर अंतरावर ठेवली. "इथे प्रकाश चांगला आहे," असं म्हणून पेपर उघडला. तिथे प्रकाश नावालाही नव्हता. शुक्रवारभर दोघं छापखान्याच्या खुणांनी बोलले. मीठ कमी होतं तेव्हा बाबांनी "शाई कमी"ची खूण केली.

शनिवारी बाबा हट्टाने बरोबर आले. चाचणीच्या खोलीबाहेर लांबलचक बोळ होता, त्याच्या टोकाला बाक. तिथे ते थर्मास मांडीवर घेऊन बसले.

आत चाचणीसाठी नेमलेलं गाणं पिपाणीने गायलं. खालचे सूर भरून आले. मधले आले. वर चढताना तिच्या कपाळावर घाम आला. शेवटून दुसऱ्या ओळीत सगळ्यात वरचा सूर किंचित घसरला, तिने तो लगेच सावरला, पण घसरला तो घसरला. वृंदप्रमुख बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि वर न बघता म्हणाल्या, "यादी सोमवारी लागेल."

ती बाहेर आली. बोळाच्या त्या टोकाला बाबा भलतीकडेच बघत बसले होते. सवयीने तिची छाती भरली, तोंड उघडलं. मग तिने तोंड मिटलं. सगळा बोळ ती चालत गेली, त्यांच्या शेजारी बसली आणि खांद्यावर हात ठेवला.

"खालचं इथवर आलं," बाबा म्हणाले. "वरचं लागलं का?"

इतक्या वर्षांच्या सवयीने "छान लागलं" हे शब्द तिच्या जिभेवर आलेच होते. तिने ते गिळले.

"एक सूर घसरला, बाबा," ती त्यांच्या कानाशी, साध्या आवाजात म्हणाली. "सगळ्यात वरचा. बहुतेक त्यांनी तोच लिहून घेतला."

बाबांनी थर्मासचं झाकण उघडलं. कोमट पाणी ओतून पेला तिच्या हातात दिला. ती घोट घेईपर्यंत पेल्याला खालून स्वतःचा हात लावला.

"त्यांनी ऐकला असेल गं," ते म्हणाले. "मी ठार बहिरा माणूस. मला काही तो घसरलेला ऐकू आला नाही."