नकाराचं दार

बाबांना पक्षाघात झाला तेव्हापासून लोक त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलू लागले. जेवतात का, झोपतात का, ओळखतात का, असं मला विचारायचे आणि बाबा मध्ये बसून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायचे. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, डोकं मात्र जागच्या जागी होतं. हे मी येईल त्याला सांगायची. मी शाळेत कवायत शिकवते, त्यामुळे एकच गोष्ट शंभरदा ओरडून सांगायची मला सवय आहे. पण न ऐकायचं ठरवूनच आलेल्या माणसापुढे मीही हात टेकते.

काका त्यातले नव्हते, निदान मला तसं वाटायचं. बाबांचे हे धाकटे भाऊ त्या वेळी उपमुख्यमंत्री होते, तरी दवाखान्यातल्या बाकावर आठवडाभर झोपले होते. दर रविवारी येऊन ते बाबांची दाढी करायचे. सभागृहातल्या मतदानाच्या दिवशी सकाळी ते आले तेव्हाही आधी त्यांनी दाढीचं सामानच मागितलं.

"आज दादा जरा नीट दिसायला हवा," फेस लावता लावता ते म्हणाले. "सभागृहात न्यायचंय त्याला."

"कशाला न्यायचंय ते माहीत आहे मला. पेपर वाचते मी."

सरकार तीन पक्षांचं होतं आणि त्यात आमचा पक्ष सगळ्यात लहान. नगरपालिकांच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या आणि कोणतं गाव कोणी लढवायचं यावर तिघांचं काही केल्या जमत नव्हतं. शेवटी त्यांनी शक्कल काढली की निवडणुकाच नकोत. दोन वर्षं पुढे ढकलायच्या आणि तोवर गावोगाव सरकारने नेमलेला प्रशासक बसवायचा. त्याचं विधेयक आज मताला येणार होतं. ते पडलं तर राजीनामा देऊ, असं मुख्यमंत्र्यांनी जाहीर करून टाकलं होतं. सरकारकडे फक्त एक मत जास्त होतं, आणि ते मत म्हणजे आमच्या खुर्चीत बसलेले, गालाला फेस लावलेले आमचे आमदार बाबा.

बाबांनी पक्ष काढला होता तोच मुळी याविरुद्ध. आमच्या गावावर वर्षानुवर्षं प्रशासक होता. नळाला पाणी का नाही विचारायला गेलं की शिपाई सांगायचा, साहेब दौऱ्यावर आहेत. बाबांचं तेव्हा घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद करून ते कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले, निवडणूक घ्या म्हणून. दोनदा तुरुंगात गेले. दुसऱ्या खेपेला काकाही बरोबर होते, मिसरूड फुटायच्या वयात.

"काका, यांना विचारलंत का?"

काकांनी वस्तरा पुसला. "दादा, येणार ना मत द्यायला?"

बाबांनी मान हलवली. हो.

"विधेयकाच्या बाजूने ना?"

बाबांनी मान हलवली. नाही. एकदा नाही, तीनदा.

"बघा," मी म्हटलं.

"तो काहीही विचारलं तरी मान हलवतो, पोरी. परवा मी विचारलं, उकडतंय का, तर आधी हो, मग नाही."

"आधी उकडत होतं. मग मी पंखा लावला."

काका वस्तरा खाली ठेवून एकदम उसळले. "तीन पक्ष सांभाळणं म्हणजे काय असतं हे तुला काय कळणार? सकाळी एकाची समजूत काढावी तर दुपारी दुसरा फुगून बसतो. शाळांच्या शिक्षकांची भरती अडकली आहे, का, तर समितीवर कोणाचा माणूस घ्यायचा हे ठरेना. सभापतीच बघ. तिसऱ्या पक्षाचे. त्यांच्या जावयाला महामंडळ दिलं नाही म्हणून पंधरा दिवस माझ्याशी बोलत नाहीत. दादा आला नाही आणि मतं समसमान झाली, तर निर्णायक मत देऊन ते सरकारला वाचवतील याची मला खात्री नाही, म्हणून दादाला उचलून न्यावं लागतंय. हौस नाही मला. आणि हे सरकार पडलं तर पुढे कोण येतील माहीत आहे ना? ते दोन वर्षं नाही, दहा वर्षं प्रशासक बसवतील."

"मग तुम्ही आधीच बसवून त्यांचं काम सोपं करताय."

"पक्षाचा आदेश आहे. मोडला तर दादाची जागा जाईल."

"आदेश काढला कोणी?"

"मी," काका म्हणाले, आणि बाबांकडे न बघता उरलेला गाल करायला लागले. भावावर आदेश काढणाऱ्या त्या हाताचा मला भयंकर राग आला. तरी तो गाल त्यांनी इतक्या हळुवारपणे केला की रागसुद्धा धड करता येईना.

मी बाबांना घरी ठेवणारच होते. पण बाबांनी डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवलं आणि कोट काढून हातात देईपर्यंत ते बोट खाली घेतलं नाही. त्यांना जायचं होतं. मग मीही निघाले.

विधानभवनाच्या दारावर पोलीसबाईंनी माझ्या पर्समधली शाळेची शिट्टी काढून घेतली. आत आवाज करायला परवानगी नाही म्हणाल्या. मला प्रेक्षकांच्या सज्जात पाठवलं आणि बाबांची चाकाची खुर्ची काकांनी आत नेली. आजारी सदस्याला दुसऱ्या सदस्याने मदत करायची मुभा होती, आणि उपमुख्यमंत्री हेही सदस्यच.

भाषणं झाली. तीच ती वाक्यं तिन्ही पक्षांनी आलटून पालटून म्हटली. गावोगावच्या जनतेच्या हितासाठी त्याच गावोगावच्या जनतेचं मत दोन वर्षं बंद ठेवायचं, हे इतक्या गोड आवाजात सांगत होते की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग घंटा झाली. सभापतींच्या आसनाच्या एका बाजूला होकाराचं दार, दुसऱ्या बाजूला नकाराचं. सदस्य उठून आपापल्या दारातून बाहेर जायचे आणि दाराशी उभा असलेला कारकून मोजायचा. सभागृह रिकामं होत गेलं आणि काका खुर्ची ढकलत होकाराच्या दाराकडे निघाले.

अर्ध्यावर खुर्ची थांबली. बाबांनी डावा पाय खुर्चीच्या पायपट्टीवरून काढून जमिनीवर रोवला होता. काकांनी जोर लावला. बुटाचा तळ फरशीवर घासला, तो आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. काकांनी पुन्हा जोर लावला.

"थांबा!" मी ओरडले. शिट्टी घेतली होती, घसा कुठे घेतला होता? "त्यांना विचारा! मत त्यांचं आहे, त्यांना विचारा!"

सज्जात एकच गोंधळ उडाला. दोन पहारेकऱ्यांनी माझे दोन्ही दंड धरले. "बाहेर काढा त्यांना," सभापती म्हणाले. मग त्यांनी खाली बघितलं, काकांकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि पंधरा दिवसांनी प्रथमच त्यांच्याशी बोलले. "उपमुख्यमंत्री, खुर्ची सोडा. माननीय सदस्य, आपल्याला कोणत्या दाराने जायचं आहे?"

काकांनी हात काढले. बाबांनी डाव्या हाताने चाक धरलं. एका हाताने चाक फिरवलं की खुर्ची जागच्या जागी गोल फिरते, ती सरळ न्यायची तर त्याच बाजूच्या पायाने सारखी ओढून आणावी लागते. बाबा तेच करत होते. हात, पाय, हात, पाय. कोट खांद्यावरून घसरला. चेहरा लालबुंद झाला होता. पहारेकरी मला बाहेर न्यायचं विसरून कठड्यावरून वाकून बघत होते. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी मनात आलं, बघा, सगळे बघा, माझ्या बापाला कळत नाही म्हणत होता ना?

ते नकाराच्या दाराशी पोचले आणि तिथे उंबऱ्याला पुढची चाकं अडली. बाबांनी पाठीने रेटा दिला. खुर्ची मागे आली. पुन्हा दिला. पुन्हा मागे आली. दारापलीकडून विरोधी पक्षनेते लगबगीने पुढे झाले आणि हसतमुखाने खुर्चीला हात घालायला वाकले. बाबांनी डावा हात त्यांच्या तोंडासमोर आडवा धरला. तुम्ही नाही. नेते वाकल्या जागी अवघडले.

मग काका चालत आले. सबंध सभागृह ओलांडून, होकाराच्या बाजूने नकाराच्या बाजूला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मला वाटलं, आता खुर्ची मागे ओढतील. वरून मी पुन्हा ओरडायला तोंड उघडलं.

"दादा, पाय वर घे," काका म्हणाले.

त्यांनी खुर्चीच्या मागच्या मुठी खाली दाबून पुढची चाकं उचलली, उंबऱ्यावर टेकवली आणि गुडघ्याने धक्का देऊन खुर्ची पलीकडे घातली. दाराशी उभ्या कारकुनाने बाबांचं नाव लिहिलं. काकांनी वाकून बाबांचा कोट खांद्यावर सारखा केला. मग ते वळले, पुन्हा तेवढंच सभागृह ओलांडलं, आणि होकाराच्या दाराने एकटे बाहेर गेले. स्वतःचं मत त्यांनी स्वतःच्याच बाजूला दिलं.

विधेयक एका मताने पडलं. मुख्यमंत्री तासाभरात राजीनामा देऊन आले. तोवर मी खाली पोचले होते, आणि पायऱ्यांशी पत्रकारांचा गराडा पडला होता. काका बाबांची खुर्ची उतारावरून उलटी, सावकाश उतरवत होते. त्यांचं तोंड उतरलेलं होतं आणि मान ताठ होती. त्या घटकेला मला त्या दोन्ही म्हाताऱ्यांचा सारखाच अभिमान वाटला.

"साहेब, तुमच्याच पक्षाच्या संस्थापकांनी तुमचं सरकार पाडलं," एक पत्रकार म्हणाली. "आणि तुम्हीच त्यांना नकाराच्या दारापलीकडे नेलंत. असं का केलंत?"

काकांनी खुर्चीचं चाक पायाने अडवून धरलं.

"ते सदस्य आहेत," काका म्हणाले. "मत द्यायला आले होते."