एकास दोन

मॅडमनी टाकीत आम्ल तपासायची पट्टी बुडवून वर काढली. ती हिरवी व्हायला हवी होती. झाली लालभडक.

फाटकाशी टँकरवाला हॉर्न वाजवत होता आणि मालक मागे येऊन उभे राहिले होते. लोखंडाचा गंज काढून उरलेलं आम्ल कॉस्टिक सोडा घालून मारल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा कारखान्याचा नियम. किती आम्लाला किती कॉस्टिक हा हिशेब मॅडमचा; आकडा त्या चिठ्ठीवर लिहून देत. तेवढं वजन करून टाकीत सोडायचं काम काटेकाकांचं. वजनकाट्यापाशी त्यांची उभी हयात गेली होती, म्हणून हे नाव.

"कॉस्टिक कमी पडलंय," मॅडम म्हणाल्या.

वाक्य खोटं नव्हतं. कोणामुळे कमी पडलं ते त्या बोलल्या नाहीत, आणि मालकांनी विचारलंही नाही. ते सरळ काकांकडे वळले.

"काका, काट्याकडे बघता की आभाळाकडे? सोमवारपासून झाडू घ्या हातात. इथे दुसरा माणूस उभा करतो."

आजूबाजूची कामं थांबली. काका काट्याजवळ गेले, डोळे बारीक करून तबकडीकडे बघत राहिले.

"चिठ्ठीवर होतं तेवढंच घातलं होतं, मालक," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "नजर चुकली असेल. वय झालं."

मॅडमनी तोंडातून ब्र काढला नाही. पट्टी हिरवी होईपर्यंत टाकीने पहिल्याइतकंच कॉस्टिक आणखी गिळलं. निम्मंच घातलं म्हणजे कमालच झाली काकांची, असं मनाशी म्हणत त्या घरी गेल्या.

घरी मुलगी जेवणाच्या टेबलावर रसायनशास्त्राची गणितं पसरून बसली होती.

"आई, उत्तर जुळतच नाहीये."

"कसं जुळेल? आधी समीकरण संतुलित कर म्हणून किती वेळा सांगायचं तुला? दोन्ही बाजूंचे अणू सारखे झाल्याशिवाय मोल मोजून काय उपयोग? एकाच्या एका मोलला दुसऱ्याचे किती मोल लागतात, ते त्या आकड्यांतूनच कळतं. आण इकडे."

गणित सल्फ्युरिक आम्ल आणि कॉस्टिकचंच होतं. मॅडमनी पेन्सिल घेतली, कॉस्टिकच्या आधी ठसठशीत दोन लिहिला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

आजवर कारखान्यात हायड्रोक्लोरिक येत होतं. त्याच्या एका मोलला कॉस्टिकचा एकच मोल पुरतो. या वेळी मालकांनी पहिल्यांदा सल्फ्युरिक आणलं होतं. मॅडमनी त्याचे मोल नीट काढले होते, पण कॉस्टिक सवयीने एकास एकच धरलं होतं. समीकरण मांडायचे कष्टच घेतले नव्हते.

"आई, आता बरोबर आहे ना?"

"आहे," त्या म्हणाल्या आणि बेसिनपाशी जाऊन उगीचच तोंड धूत राहिल्या. पोरीवर एवढं खेकसल्यावर तिच्यासमोर परत बसायचीही त्यांना लाज वाटत होती.

रविवारभर त्यांनी एक सोयीस्कर बेत पक्का केला. नवा आकडा चिठ्ठीवर लिहायचा, काट्यावरच्या नव्या माणसाच्या हाती द्यायचा. काकांबद्दल मालकांशी नंतर कधीतरी, सवडीने बोलायचं. कोणाला काही कळायचं नाही.

सोमवारी काका फाटकातच त्यांची वाट बघत होते. नाकावर कोरा करकरीत चष्मा होता.

"शनिवारी इथून निघालो तो थेट चष्मेवाल्याकडेच गेलो, मॅडम. काल संध्याकाळी मिळाला. आता चूक व्हायची नाही. मालकांना तेवढं सांगाल का? तुमचा शब्द ते मोडत नाहीत."

मॅडमना त्यांच्याकडे बघवेना.

"खोटं वाटत असेल तर परीक्षा घ्या," काका हसले आणि मॅडमच्या हातातली चिठ्ठी त्यांनीच ओढून घेतली. हात लांब धरून त्यांनी आकडा मोठ्याने वाचला. मग चिठ्ठी जवळ आणून पुन्हा वाचला.

"टाकी तर आजही शनिवारएवढीच भरलीय ना, मॅडम?"

"हो."

"मग हे दुप्पट कसं?"

मालकांच्या खोलीचं दार उघडं होतं. ते आत फोनवर बोलत होते.

"शनिवारी तुमचं वजन बरोबर होतं, काका," मॅडम म्हणाल्या. मग उघड्या दाराकडे वळून त्यांनी तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं. "वजन बरोबर होतं. हिशेब माझा चुकला होता. तुम्हाला बोलणी बसली तेव्हाही मी गप्प राहिले."

आतलं फोनवरचं बोलणं थांबलं.

त्या काकांच्या रागाची वाट बघत उभ्या राहिल्या. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या आणि घडी करून डबीत ठेवला.

"चष्मेवाला सांगत होता, गरज नाही म्हणून. मीच ऐकलं नाही," ते म्हणाले. मग डबी पुढे धरून त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "हा आता परत घेतील का हो?"